एकटा जीव आणि तरंगते घर

इंग्लंडमधील कालव्यांची छायाचित्रे दिनदर्शिकांवर नेहमी पाहायला मिळतात. हिरव्या काठाला टेकलेली एक लांबट बोट, तिच्या अंगावर गुलाबाची आणि किल्ल्यांची रंगीत नक्षी, छपरावर फुलझाडांच्या कुंड्या, शेजारी सरपणाची मोळी आणि धुराड्यातून वर जाणारी धुराची बारीक रेघ. हे चित्र खोटे नाही, पण ते अपुरे आहे. त्याच बोटीच्या पोटात पाण्याची टाकी रिकामी होत आलेली असते, बॅटऱ्या उतरलेल्या असतात, शौचालयाची पेटी काठोकाठ भरलेली असते आणि या सगळ्याची दखल घ्यायला तेथे एकच माणूस असतो.

'एकटा जीव सदाशिव' असे आपण पाश नसलेल्या माणसाविषयी थोड्या हेव्याने म्हणतो. कालव्यावरच्या एकट्या जिवाला हा सदाशिवपणा परवडणारा नसतो. जमिनीवरच्या घरात आपल्या विसराळूपणाचा बराचसा भार दुसरे कोणी तरी उचलत असते. महापालिका पाणी आणून देते आणि सांडपाणी घेऊन जाते, वीज कंपनी रात्रंदिवस तारेच्या टोकाशी उभी असते आणि निजण्यापूर्वी 'गॅस बंद केलास ना?' असे विचारणारे एखादे माणूस घरात असते. बोटीवर एकट्याने राहू लागताच हे सारे आधार एकदम नाहीसे होतात. त्यामुळे तेथील फजिती बहुधा अगदी क्षुल्लक गोष्टीपासून सुरू होते आणि तेवढ्याच क्षुल्लक सवयीने टळते.

सात फुटांचा संसार

या बोटींचा आकार अठराव्या शतकाने ठरवून ठेवला आहे. औद्योगिक क्रांतीच्या आरंभी कोळसा, लोखंड आणि चिनी मातीची भांडी वाहून नेण्यासाठी इंग्लंडमध्ये कालवे खणले गेले. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या खाणींतून मँचेस्टरकडे कोळसा नेणारा कालवा १७६१ मध्ये सुरू झाला. त्यावर काम केलेला अभियंता जेम्स ब्रिंडली याने पुढे मध्य इंग्लंडमध्ये जे कालवे आखले, त्यांवरील लॉक सुमारे सात फूट रुंद ठेवले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला विटांचा किंवा दगडांचा हौद. त्यात पाणी भरले की बोट वरच्या पातळीवर चढते, सोडले की खालच्या पातळीवर उतरते. त्या हौदात मावावी म्हणून बोटीची रुंदी सहा फूट दहा इंच ठरली आणि लांबी जास्तीत जास्त सत्तर फुटांच्या आसपास. म्हणजे लांबीला रेल्वेचा डबा आणि रुंदीला जेमतेम दोन मीटर! या बोटीला नॅरोबोट, म्हणजे अरुंद बोट, हे नाव पडले ते यामुळेच.

रेल्वेने आणि नंतर मालमोटारींनी कालव्यांचा व्यापार हिरावून घेतला. 'क्रेसी' नावाच्या बोटीवर संसार थाटणाऱ्या एल. टी. सी. रोल्ट या लेखकाचे 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मोडकळीस आलेल्या या जगाकडे लोकांचे लक्ष वळले. दोनच वर्षांनी कालवे वाचवण्यासाठी 'इनलँड वॉटरवेज असोसिएशन' स्थापन झाली. आज इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग 'कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट' ही धर्मादाय संस्था सांभाळते. २०१२ मध्ये तिने हे काम सरकारी 'ब्रिटिश वॉटरवेज'कडून हाती घेतले.

बोटीवर राहणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. काहींकडे भाड्याने घेतलेली कायमची जागा असते. ज्यांच्याकडे अशी जागा नाही, त्यांनी १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त मुक्काम करता कामा नये. दर पंधरवड्याला घर पुढे हलवायचे, हा त्यांचा नेम. लंडनमधील घरभाडी आकाशाला भिडली, तेव्हा याही अटीवर अनेकांनी बोट पत्करली आणि २०१० नंतरच्या दशकात तेथील बोटींची संख्या जवळपास दुप्पट झाली. त्यात निवृत्त माणसे आहेत, तरुण नोकरदार आहेत आणि एकट्याने राहणारी माणसेही पुष्कळ आहेत.

मोजून जगण्याचे घर

बोटीवर पाणी टाकीत असते. बहुतेक बोटींत ही टाकी पुढच्या टोकाला असून तिच्यात काहीशे लिटर पाणी मावते. नळ सोडला की विजेवरचा छोटा पंप घरघरतो आणि पाणी येते. एखाद्या सकाळी अंगाला साबण लावलेला असताना हीच घरघर लांबत जाते आणि पाण्याऐवजी हवेचा फुत्कार ऐकू येतो. सर्वात जवळचा सार्वजनिक नळ दोन मैलांवर, मध्ये तीन लॉक, आणि बोटीचा कमाल वेग ताशी चार मैल. साबण पुसून कपडे चढवायचे आणि घरासह पाण्याच्या शोधात निघायचे, एवढेच हाती उरते. अनुभवी माणसाला मात्र ही चाहूल आधीच लागते. टाकी रिकामी होऊ लागली की बोटीचे पुढचे टोक हलके होऊन वर उचलले जाते. जमीन किंचित मागे कलली आहे, हे त्याच्या पायांना आपोआप कळते.

विजेचेही तसेच. दिवे, पंप आणि शीतकपाट बॅटऱ्यांवर चालतात. त्या सौरपट्ट्यांनी किंवा इंजिन चालवून भारित करायच्या. उन्हाळ्यात सूर्य उदार असतो, पण डिसेंबरात लंडनमध्ये जेमतेम आठ तास उजेड असतो आणि तोही बहुधा ढगांआडून. जुन्या पद्धतीच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या निम्म्याहून अधिक वारंवार उतरवल्या तर लवकर निकामी होतात. नवशिक्याला हे बहुधा पहिल्या हिवाळ्यानंतर, नव्या बॅटऱ्यांचे बिल हातात पडल्यावर समजते. रात्री दहा वाजता चूक लक्षात आली तरी इंजिन सुरू करण्याची सोय नाही. शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून इतरांच्या आसपास मुक्काम असताना रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन बंद ठेवावे, असा नियम आहे. मग मेणबत्ती लावून बसायचे.

गॅस सिलिंडर पाहुणे जेवायला आले असतानाच संपतो, हा अनुभव आपल्याकडील कोणत्याही गृहिणीला नवा नाही. बोटीवर त्यात थंडीची भर पडते. ब्युटेन वायू शून्याच्या जरा खालीच द्रवरूपात राहतो. म्हणून स्वस्त मिळाला म्हणून ब्युटेनचा सिलिंडर आणणाऱ्यावर गोठलेल्या सकाळी विचित्र प्रसंग ओढवतो. सिलिंडर हलवला तर भरलेला आणि शेगडी पेटवली तर रिकामा! प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो, म्हणून बोटीवर बारमाही वापर त्याचाच. सिलिंडर बहुधा पुढच्या टोकाच्या कप्प्यात असतो. तो बदलायचा म्हणजे रात्रीच्या पावसात विजेरी दातांत धरून, बर्फासारख्या थंड पान्याने आटे फिरवायचे. विजेरी धरायला दुसरे कोणी नसते.

शौचालयाचा विषय सभ्य गप्पांत टाळला जातो, पण दोन बोटवाले भेटले की पाच मिनिटांत संभाषण तेथेच येऊन ठेपते. अनेक बोटींत साधारण वीस लिटरची काढता येणारी पेटी असते. एकट्या माणसाची ती काही दिवसांत भरते आणि काठावरच्या ठरावीक केंद्रावर स्वतः नेऊन रिकामी करावी लागते. केंद्र बंद असले, किंवा आधीच्या कोणी ते तुंबवून ठेवले असले, तर भरलेली पेटी घेऊन परतीची वाट धरावी लागते. म्हणून जुनेजाणते दुसरी, किंबहुना तिसरी पेटीही जवळ बाळगतात.

पाण्यात गेले ते गेले

बोटीच्या कडेवरची वाट पाऊलभर रुंद असते आणि तिच्या खाली पाणीच पाणी. परिणामी हातातून सुटलेली प्रत्येक वस्तू एकाच दिशेला जाते. किल्ल्या, चष्मे, भ्रमणध्वनी, भांडी यांचा कालव्याच्या तळाशी किती मोठा साठा असेल याची कल्पनाच केलेली बरी. लॉकची झडपे फिरवण्याचा लोखंडी दांडा, ज्याला विंडलास म्हणतात, तो तर बुडण्यासाठीच घडवला असावा. तो गेला की पुढचा प्रवास थांबतो, म्हणून दोन-तीन दांडे जवळ ठेवायचे, किल्ल्यांना बुचाचा गोळा बांधायचा आणि दोरीला बांधलेले जड लोहचुंबक हाताशी ठेवायचे. चुंबकाने गाळात मासेमारी करणारा माणूस हे कालव्यावरचे परिचित दृश्य आहे. चष्मा मात्र चुंबकाला लागत नाही.

पाण्यात टाकलेल्या वस्तूंचा दुसरा त्रास पंख्याला होतो. शहरातून जाताना बोट एकाएकी थरथरू लागते, वेग मंदावतो आणि धूर काळा होतो. प्लास्टिकच्या पिशव्या, गाद्यांच्या स्प्रिंगा, दोर, तारा असे काहीही पंख्याभोवती गुंडाळले गेलेले असते. भारतीय वस्तीच्या आसपास त्यात साडीही सापडते. लंडनच्या साउथॉल भागात तर पूजेनंतर विसर्जित केलेले नारळ पाण्यावर तरंगताना दिसतात. नदीची आठवण कालव्यावर भागवणाऱ्या श्रद्धेचा हा प्रवास बोटवाल्याच्या पंख्यापाशी येऊन थांबतो.

अशा वेळी इंजिन बंद करून, किल्ली काढून खिशात ठेवून, पंख्याच्या वरचे झाकण उघडायचे आणि खांद्यापर्यंत हात थंड पाण्यात घालून एकेक वेढा कापत बसायचे. या कामात अर्धा-पाऊण तास सहज जातो. खरा धोका त्यानंतरचा असतो. दमलेला माणूस झाकण नीट न आवळता इंजिन सुरू करतो, फिरणारा पंखा पाणी आत फेकू लागतो आणि मागचे टोक हळूहळू खाली बसते. अशा विसरलेल्या झाकणापायी बोटी बुडालेल्या आहेत.

रात्री तिरके होणारे घर

झोपताना सपाट असलेली बोट पहाटे एका अंगाला कललेली असावी, कपाटाची दारे उघडून बश्या फुटलेल्या असाव्यात आणि खिडकीबाहेर पाण्याऐवजी चिखल दिसावा, ही कालव्यावरची नेहमीची कथा आहे. दोन लॉकांमधल्या टप्प्यातील पाणी एखादे झडप उघडे राहिल्याने किंवा दरवाजा गळका असल्याने रात्रभरात उतरून जाते. कालव्याचा तळ बशीसारखा असतो, मध्यावर खोल आणि काठाशी उथळ. त्यामुळे काठाला बांधलेली बोट एका बाजूने टेकते आणि दुसऱ्या बाजूने खाली जाते. दोर ताणून बांधलेले असतील तर ती दोरांना लटकते. म्हणून दोर थोडे सैल ठेवायचे, हा पहिला धडा. पण फार सैल ठेवले तर शेजारून वेगाने गेलेल्या बोटीच्या ओढीने काठावरच्या खुंट्या उपटल्या जातात आणि घर मालकासह, किंवा मालक बाजारात गेलेला असताना त्याच्याविना, कालव्याच्या मध्यावर तरंगत निघते.

उघड्या राहिलेल्या झडपाचे परिणाम कधी फार मोठे होतात. मार्च २०१८ मध्ये चेशायरमधील मिडलविच येथे लॉकची झडपे उघडी राहिल्याने जादा पाणी आले, ते भरावावरून वाहिले आणि कालव्याचा काठच फुटला. सुमारे वीस बोटी अडकून पडल्या आणि तो मार्ग पुन्हा सुरू व्हायला वर्षअखेर उजाडली. याउलट २०२५ च्या कोरड्या वसंत-उन्हाळ्यात जलाशय आटल्याने अनेक कालव्यांवरील लॉक आठवडेच्या आठवडे बंद ठेवावे लागले. ज्याचे घरच जलमार्गावर आहे, त्याला पाणी जास्त झाले तरी पंचाईत आणि कमी झाले तरी.

दोन हात, चार कामे

लॉक ओलांडताना एक माणूस बोटीवर आणि दुसरा काठावर, अशी कामाची वाटणी गृहीत धरलेली असते. एकट्याने बोट आत घ्यायची, बोटीच्या मध्याला बांधलेला दोर हातात घेऊन निसरड्या लोखंडी शिडीने वर चढायचे, दरवाजे लोटायचे, झडपे फिरवायची आणि या सगळ्यात सतरा-अठरा टनांची बोट हौदात पुढे-मागे सरकू द्यायची नाही. वरच्या दरवाजाखाली दगडी उंबरठा असतो. खाली उतरताना बोट त्याच्यापासून दूर ठेवावी, म्हणून काठावर पांढरी रेघ ओढलेली असते. पाणी उतरत असताना मागचे टोक या उंबरठ्यावर अडकले तर ते तेथेच राहते, पुढचे टोक खाली जाते आणि काही क्षणांत बोट बुडू शकते. अशा वेळी खालची झडपे तत्काळ बंद करून वरून सावकाश पाणी घ्यावे लागते. एकटा माणूस त्या वेळी फोनवर बोलत असेल, किंवा काठावरच्या बघ्यांना बोटीची किंमत सांगण्यात गुंतला असेल, तर उशीर होतो. कालव्याच्या काठी रमतगमत बघत उभे राहणाऱ्यांना इंग्रजीत 'गाँगूझलर' असा खास शब्द आहे. ते सहसा प्रेमळ असतात, पण नको त्या वेळी प्रश्न विचारतात.

एकट्याची खरी थट्टा करतात ते उघडणारे पूल. बऱ्याच ठिकाणी पूल फिरवण्याची यंत्रणा पायवाटेच्या पलीकडच्या काठावर असते. पायवाटेच्या बाजूला बोट बांधून, पुलावरून पलीकडे जाऊन तो उघडला, की माणूस एका काठावर आणि बोट दुसऱ्या काठावर! मधला पूल त्याने स्वतःच बाजूला केलेला असतो. यावर लांब दोराने बोट ओढून घेण्यासारख्या युक्त्या आहेत. त्याहून सोपा उपाय म्हणजे कुत्रा फिरवायला आलेल्या वाटसरूला नम्रपणे हाक मारणे.

हसण्यावारी न नेण्यासारखे

यापुढच्या घटनांना फजिती म्हणता येत नाही. कालव्याचे पाणी बहुतेक ठिकाणी कमरेच्या आसपास असते. पडलेल्याला पुष्कळदा नुसते उभे राहून बाहेर येता येते. पण हिवाळ्यात एकाएकी थंड पाण्यात पडल्यावर श्वास आवरत नाही, भिजलेले कपडे जड होतात आणि बोटीच्या गुळगुळीत पोलादी भिंतीला हाताने धरण्यासारखे काही नसते. लॉकमधील पाणी तर याहून कितीतरी खोल असते. मागे घेताना सुकाणू तळाच्या दगडाला लागले तर त्याचा दांडा जोराने फिरतो आणि चालकाला थेट फिरत्या पंख्याजवळ फेकतो. जोडीला कोणी असेल तर तो इंजिन थांबवतो. एकट्याची बोट मात्र तशीच चालत राहते. म्हणून एकट्याने बोट हाकणाऱ्याने आपोआप फुगणारे जीवरक्षक जाकीट घालावे आणि दांड्याच्या फेऱ्यात उभे राहू नये. पडल्यावर जखमा धुवाव्यात, हेही महत्त्वाचे. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस येथेही आढळतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईकरांना या रोगाचे नाव वेगळे सांगायला नको.

दुसरा शत्रू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. थंडीत खिडक्या बंद, कोळशाची शेगडी रात्रभर धुमसती आणि जागा एवढीशी. धुराडे काजळीने चोंदले किंवा शेगडीच्या दाराची दोरी झिजली, की कार्बन मोनॉक्साइड आत साठू लागतो. डोके दुखते, झोप येते आणि जागे करायला कोणी नसते. एप्रिल २०१३ मध्ये विंडरमिअर सरोवरावरील एका मोटरबोटीत जनरेटरचा धूर आत शिरून दोघींचा मृत्यू झाला. दर चार वर्षांनी बोटीची सुरक्षा तपासणी सक्तीची असून, एप्रिल २०१९ पासून राहण्याची सोय असलेल्या बोटींत या वायूची सूचना देणारे यंत्रही आवश्यक ठरले आहे. टोस्ट करपला म्हणून धुराच्या यंत्राची बॅटरी काढून ठेवणे आणि ती पुन्हा बसवायला विसरणे, ही एकट्या माणसाची सर्वात सामान्य आणि सर्वात महाग पडू शकणारी चूक होय.

तिसरी अडचण पत्त्याची. पाय मोडून पडलेल्या माणसाने रुग्णवाहिकेला फोन केला, तर पहिला प्रश्न येतो तो पोस्टकोडचा. बोटीला पोस्टकोड नसतो आणि काल जेथे मुक्काम होता तेथे ती आज नसते. कालव्यावरच्या पुलांना मात्र क्रमांक असतात आणि ते पुलावरच लिहिलेले असतात. कालव्याचे नाव, सर्वात जवळच्या पुलाचा क्रमांक आणि तेथवर येणारा रस्ता एवढे सांगता आले, तर मदत पोहोचते. जाणकार मंडळी प्रत्येक नव्या मुक्कामावर दोर बांधून झाला की हा तपशील कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावतात.

दुसरे माणूस

या सगळ्यावरून कालव्यावर एकट्याने राहणे हे वेडे धाडस आहे, असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. अनेक माणसे वर्षानुवर्षे तेथे सुखाने राहतात. त्यांच्यात आणि पहिल्या हिवाळ्यात बोट विकून जाणाऱ्यांत फरक असतो तो मुख्यतः सवयींचा. प्रवासानंतर पंख्याच्या दांड्यापाशी पाणी झिरपू नये म्हणून तेथील वंगणाची चकती एक वेढा फिरवणे, टाकी अर्धी झाली की भरणे, एक सिलिंडर आणि कोळशाचे एक पोते नेहमी शिलकीत ठेवणे, झाकण आवळल्यावर ते पुन्हा एकदा हाताने चाचपून पाहणे. घरात दुसऱ्या माणसाने विचारला असता तो प्रश्न येथे रोज स्वतःलाच विचारावा लागतो.

त्यातूनही जे राहते, त्यासाठी शेजार असतो. तो दर पंधरवड्याला बदलतो, पुष्कळदा नावानेही ओळखीचा नसतो. पण सकाळचे दहा वाजले तरी शेजारच्या बोटीच्या धुराड्यातून धूर का निघाला नाही, याकडे त्याचे लक्ष असते. छपरावर दोन थापा मारून 'सगळे ठीक ना?' असे विचारण्याची रीत कालव्यावर आहे. एकट्याने राहायला निघालेल्या माणसाने नव्या मुक्कामी पोहोचल्यावर पाण्याचा नळ कोठे आहे याची चौकशी करावी, आणि त्याआधी शेजारच्या बोटीवर जाऊन आपले नाव सांगावे.